सर म्हणतात, तपासणीत जोर लावायचा नाही

*ताई, आम्ही जयसिंगपूरजवळच्या गावातले. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, दहावीत. जन्माच्या वेळी ओढाताण झाली आणि तिच्या उजव्या खांद्याची नस दुखावली. हात खांद्याच्या वर जात नाही, कोपर पूर्ण सरळ होत नाही. बोटं मात्र चांगली चालतात, लिहिते त्याच हाताने. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लहानपणी टँकवर नेलं, तर ती पाण्यातच रमली. बाहेर मात्र आम्ही तिला कायम पूर्ण बाह्यांचेच कपडे घालतो, लोक बघतात म्हणून. पोहतानाही तसाच अंगरखा असतो.*

*आता सर तिला पॅरा जलतरणाच्या राज्य स्पर्धेत उतरवणार आहेत. तिच्याकडे ४५ टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. मागच्या महिन्यात सर तिला म्हणाले, "तपासणीत जोर लावायचा नाही. हात ढिला सोडायचा. एस ८ मिळाला तर पदक आपलंच, एस १० मध्ये गेलीस तर काही खरं नाही." घरी आल्यावर तिने मला विचारलं, "आई, मी आहे त्याहून जास्त अपंग दिसायला पाहिजे का?" तेव्हापासून टँकवर जायला टाळाटाळ करते. सर मनाने चांगले आहेत, इतकी वर्षं फी घेतली नाही. त्यांना कसं बोलू? मिस्टर म्हणतात, सगळेच असं करतात, आणि ऐन दहावीत हे हवंच कशाला, पुढे मिळणार काय? – एक आई*

नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ते तिला आजच सांगा, आणि बाकीचं मग सावकाश वाचा.

सरांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करते. शारीरिक दिव्यांग जलतरणपटूंचे एस १ ते एस १० असे दहा गट असतात, आणि कुणाचा गट कोणता, हे तपासणीत ठरतं. एस १ मध्ये शरीराच्या हालचालीवर सगळ्यात जास्त मर्यादा, एस १० मध्ये सगळ्यात कमी. (एस ११ ते १३ दृष्टिबाधितांचे, एस १४ बौद्धिक दिव्यांगांचा.) एस ९, एस १० मध्ये पोहणाऱ्यांचं टायमिंग फार तगडं असतं. कुणाला एक पंजा नसतो, कुणाला एक पाऊल, बाकी सगळं शरीर कसलेल्या पोहणाऱ्याचं. तेव्हा तेच टायमिंग खालच्या गटात पदक देईल आणि वरच्या गटात पाचवा नंबर, हे शक्य आहे. सरांचं गणित चुकलेलं नाही, पण त्यांनी ते अर्ध्यावर सोडलंय.

पुढचं अर्धं असं. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या पद्धतीत एकूण ३०० गुण धरतात: दोन्ही हातांचे मिळून १३०, पायांचे १००, धडाचे ५०, स्टार्टचे १० आणि टर्नचे १०. तपासणारे एकेक सांधा, एकेक हालचाल बघतात आणि शून्य ते पाच असे गुण देतात. पाच म्हणजे पूर्ण ताकद, शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. बेरीज २६६ ते २८५ आली तर एस १०, २४१ ते २६५ आली तर एस ९, २१६ ते २४० आली तर एस ८. २८५ च्या वर गेली तर स्पर्धेत बसतच नाही.

आता तुमच्या लेकीचा हात घ्या. एका हाताचे गुण ६५. तो हात अगदी लुळा असता, बोटसुद्धा हललं नसतं, तर ३०० वजा ६५, म्हणजे २३५. तेव्हा कुठे एस ८. स्टार्ट-टर्नचे दोन-चार गुण गेले असं धरलं तरी एस ८ साठी ६५ मधले जवळजवळ सगळे घालवावे लागतात. आणि ही मुलगी त्याच हाताने दहावीचे पेपर लिहिणार आहे! मनगट आणि बोटं चालतात, कोपर बऱ्यापैकी वाकतं, तर तिचे गुण खांद्यात आणि कोपरात जातील. किती, ते मी इथे बसून सांगू शकत नाही, ते तपासणारेच ठरवतील. पण सरांच्या मनातला एस ८ ढिल्या हाताने मिळणारा नाही. त्यासाठी हात मेलेलाच दाखवावा लागेल.

आकडे पटत नसतील तर माणसं बघा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक मिळवणारा प्रशांत कर्माकर अपघातात हात गमावलेला, आणि तो पोहला एस ९ मध्ये. बंगळुरूचा शरथ गायकवाड, ज्याचा डावा हात जन्मापासूनच अपुरा आहे, तो एस ८. आपल्या सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात कोपराखाली गमावून बसला, तो एस ७. त्याने २०१८ च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण मिळवलं. ह्या रांगेत तुमच्या लेकीला कुठे उभं करायचं, हे सरांनी एकदा शांतपणे ठरवावं. कर्माकरच्या खालच्या गटात?

४५ टक्क्यांचाही घोळ इथेच मिटवू. तो आकडा सरकारी सवलतींसाठी आहे. कायद्यात ४० टक्क्यांची रेघ आहे, तिच्यावर तुम्ही आहात, म्हणून प्रवासापासून शिक्षणापर्यंतच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. पोहण्याच्या गटाशी त्याचं गणित जुळत नाही. ७० टक्केवाला एस १० मध्ये आणि ५० टक्केवाला एस ७ मध्ये असू शकतो, कारण तिथे प्रश्न एवढाच की पाण्यात पुढे सरकायला शरीराचा कोणता भाग किती कमी पडतो. त्यातही ब्रेस्टस्ट्रोकचा गट वेगळा काढतात, त्याला एसबी म्हणतात, कारण त्या प्रकारात पायांचं काम जास्त. मेडलेचा (एकाच शर्यतीत चारही प्रकार) एसएम. एकाच मुलीच्या नावापुढे तीन वेगळे आकडे दिसले तर घाबरू नका.

"सगळेच असं करतात" ह्यावर. खालच्या पातळीवर असे प्रकार कधीच होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. जिल्ह्यात, राज्यात एखाद्याचं खपूनही जात असेल. पण तपासणी एकदाच होऊन संपत नाही. आधी कागदपत्रं बघतात, मग टेबलावर तपासतात, मग पाण्यात पोहायला लावतात, आणि नवीन खेळाडूला पहिल्या शर्यतीत काठावरून निरखतात. टेबलावर हात ढिला सोडणं एक वेळ जमेल. स्टार्टचा आवाज झाला आणि शेजारच्या लेनमधली पुढे निघाली की पंधरा वर्षांचं पोर हात ओढून धरत नाही, आणि धरूही नये. टेबलावरचा हात आणि शर्यतीतला हात जुळला नाही की प्रश्न सुरू होतात.

टोकियोत काय झालं ते तुमच्या मिस्टरांना सांगा. २०२१ च्या पॅरालिम्पिकमध्ये थाळीफेकीत विनोद कुमारला कांस्य मिळालं, देशभर अभिनंदन झालं. त्याचा गट तिथेच, स्पर्धेच्या आधी ठरला होता. पण स्पर्धेतल्या निरीक्षणानंतर तो त्या गटात बसत नाही असा निर्णय आला आणि पदक गेलं. पुढच्या वर्षी, क्षमता जाणूनबुजून कमी दाखवली असा ठपका ठेवून त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली गेली. तो मोठ्या माणसाच्या जाणत्या वयात त्या टेबलावर बसला होता. तुमची लेक पंधराची आहे. ठपका आला तर तिच्या नावावर येईल, सरांच्या नाही.

आणि एक जुनी गोष्ट, जी मला जास्त टोचते. २००० साली सिडनीत स्पेनच्या बास्केटबॉल संघाने बौद्धिक दिव्यांगांच्या गटात सुवर्ण जिंकलं. नंतर कळलं की बारापैकी दहा खेळाडूंना ते दिव्यांगत्व नव्हतंच. संघाचं पदक काढून घेतलं, ते ठीकच. पण बौद्धिक दिव्यांगांचे सगळेच क्रीडाप्रकार, पोहण्यासकट, पॅरालिम्पिकमधून बाहेर गेले. २००४ मध्ये नाहीत, २००८ मध्ये नाहीत, थेट २०१२ ला लंडनमध्ये परतले, तेही पोहण्यासारखे मोजकेच. ज्या मुलांनी बास्केटबॉलला हातही लावला नव्हता, त्यांची पोहायची उमेदीची वर्षं त्यात गेली. कुणाचं काय जातंय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं. एस ८ मध्ये तुमच्या लेकीच्या शेजारच्या लेनमध्ये खरोखर एक हात नसलेली कुणाची तरी लेक असणार.

आता सरांचं. त्यांना तोडू नका. गावात फी न घेता एका मुलीला इतकी वर्षं पाण्यात उतरवणारा माणूस पदकाला भुकेला असतो, स्वतःसाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त. त्यांना ती हरायला नको आहे. टँकवर, चार पालकांसमोर विषय काढू नका, आणि मुलीलाही बरोबर नेऊ नका. चहाला घरी बोलवा. एवढंच म्हणा, "सर, तपासणीला ती पूर्ण जोर लावणार आहे, हे आमचं घरात ठरलंय. येईल तो गट आम्हाला चालेल. तुम्ही तिचं टायमिंग खाली आणा." नियमांचं पुस्तक उघडू नका. वरचं ६५ गुणांचं गणित मात्र कागदावर मांडून दाखवा, आकड्यांपुढे प्रशिक्षक लवकर नरम होतात. ते चिडले, तर चिडू द्या. चार दिवसांनी परत टँकवर भेटतीलच. तिथेच अडून बसले आणि मुलीला पुन्हा तेच शिकवायला लागले, तर मात्र दुसरे सर शोधावे लागतील, मग त्यासाठी सांगली-कोल्हापूरला खेपा घालाव्या लागल्या तरी.

आणि त्यांना काम द्या, भरपूर आहे. फ्रीस्टाइलमध्ये डावा हात जास्त पाणी ओढतो, त्यामुळे शरीर उजवीकडे वळत राहतं आणि लेनच्या दोरीला घासतं. ते सरळ ठेवायला किक आणि पोट-कमरेची ताकद लागते. सगळा भार डाव्या खांद्यावर येतो, म्हणून तो खांदा दुखावणं हा तिच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका आहे. आठवड्याला पोहायचं अंतर वाढवण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा, आणि डावा खांदा रात्री दुखतो का, हे तिला विचारत जा. मुली सांगत नाहीत. फ्लिप टर्नला (भिंतीपाशी कोलांटी मारून वळताना) हात लागत नाहीत, पाय लागतात. तिथे ती कुणाहीइतकी चपळ होऊ शकते. बॅकस्ट्रोकच्या स्टार्टला एका हाताच्या पकडीवर किती जोरात सुटता येतं, ते बघायला हवं. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लावावे लागतात. तिचा उजवा तितका पुढे पोचत नसेल तर तपासणारे तिच्या नावापुढे तशा सवलतीचा क्रमांक लिहून देतात, आणि मग पंच त्यासाठी तिला बाद करत नाहीत. हे तपासणीच्या वेळीच विचारून घ्यायचं. सवलत हवी असेल तर हात खरा दाखवावा लागतो, हेही सरांच्या लक्षात आणून द्या. एक आणखी: तुमचा टँक २५ मीटरचा असेल तर तिथलं टायमिंग ५० मीटरच्या तलावातल्या टायमिंगशी ताडून बघू नका. टर्न वाढले की वेळ कमी दिसते. राज्य स्पर्धेआधी दोन-तीनदा तरी मोठ्या तलावात पोहू द्या.

मुलीकडे येते. तिने टँक टाळण्याचं कारण सरांचा सल्ला आहे, पण मला वाटतं, सल्ला फक्त वरचा थर आहे. तुम्हीच लिहिलंय, घराबाहेर पूर्ण बाह्या. म्हणजे तिने लहानपणापासून शिकलेलं एक: हा हात दिसता कामा नये. आता सर सांगतात: हा हात आहे त्याहून वाईट दिसला पाहिजे. दोन्हीकडे हात जसा आहे तसा चालत नाही. तिने प्रश्न विचारला तो ह्या पेचातून. त्यामुळे "सरांचं ऐकू नकोस" एवढ्याने भागणार नाही. तुम्हालाही तुमच्या बाजूचं काही बदलावं लागेल. स्पर्धेचा नियम इथे तुमच्या मदतीला येतो. मुलींचा स्पर्धेचा पोशाख खांद्यापलीकडे आणि गुडघ्याखाली जाऊन चालत नाही, बाह्या नाहीतच. तेव्हा सरावालाही आत्तापासून तसाच पोशाख घ्या. पहिले काही दिवस तिला अवघड जाईल, तुम्हाला तिच्याहून जास्त. तुम्ही काठावर बसून राहा, बाकी काही करू नका.

तपासणीत काय होतं तेही तिला आधी सांगा, नाहीतर तिथे गेल्यावर धसका घेईल. खोलीत दोघं-तिघं अनोळखी माणसं असतात: कुणी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, कुणी पोहण्यातलं जाणकार. ती पोहण्याच्या पोशाखातच टेबलावर बसते. हात वर कर, मी दाबतो तू उचल, कोपर सरळ कर, मूठ आवळ, असं बराच वेळ चालतं. दुखणं आणि कमजोरी वेगळी धरतात. निव्वळ दुखण्यावर गट मिळत नाही. दुखलं तर तिने तसं सांगायचं, पण जोर लावून मग सांगायचं. ती अल्पवयीन आहे, तेव्हा तुम्ही आत बसा. सर बाहेर. प्रश्नांची उत्तरं तिलाच देऊ द्या. हा प्रकार सुखद नसतो, कुणाही मुलीला अनोळखी माणसांनी आपला कमजोर हात तासभर चाचपलेला आवडणार नाही. आवडला नाही तर आवडला नाही म्हणू द्या. "शूर मुलगी" वगैरे म्हणू नका.

बरोबर न्यायची फाइल: युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, जन्मापासूनचे दवाखान्याचे कागद, शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे कागद, नसांच्या तपासणीचा अहवाल. हा अहवाल जुना असेल तर नवा करून घ्या, कारण स्नायूंची ताकद कमी आहे हे कागदाने सिद्ध व्हावं लागतं आणि खऱ्या माणसाला त्याचाच आधार असतो. राज्य स्पर्धेतून निवड झाली की पॅरालिम्पिक कमिटी ऑफ इंडियाची राष्ट्रीय स्पर्धा, तिथे पुन्हा तपासणी. परदेशी स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय तपासणी आणखी वेगळी. वाढत्या वयात गट पुन्हा तपासला जातो, तेव्हा पहिला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजू नका. निर्णय चुकीचा वाटला तर रीतसर हरकत घेता येते. आणि ती अजिबात बसत नाही असंही ठरू शकतं, ही तयारी मनात ठेवा. तसं झालंच तर शालेय स्पर्धा आहेतच, ती आजवर पोहली ते काही गटासाठी नव्हे.

दृष्टिबाधितांच्या एस ११ गटाचा एक नियम तिला जरूर सांगा. तिथे सगळे काळे, अपारदर्शक गॉगल लावतात, कुणाला थोडा उजेड दिसत असला तरी, म्हणजे सगळे सारख्याच अंधारात. भिंत आली की काठावरचा मदतनीस लांब काठीने टपली मारतो, तेव्हा वळायचं. विदर्भाच्या कांचनमाला पांडेने २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत ह्याच गटात २०० मीटर मेडलेचं सुवर्ण मिळवलं. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेत मंजूर पैसे वेळेत हाती न आल्याने तिला उसनवारी करावी लागली होती, हे मात्र मिस्टरांना सांगा.

कारण त्यांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे, आणि मी त्याला गुलाबी उत्तर देणार नाही. तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. तेव्हा पदक म्हणजे सोय लागली, असं कुणी समजू नये. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दिव्यांग खेळाडूही त्यात येतात. पण कोणती स्पर्धा, कितवा क्रमांक कोणत्या पदासाठी चालतो, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. कोल्हापूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिस्टरांनी स्वतः जावं, आत्ता लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत मागावी, आणि दहावीच्या क्रीडा गुणांचंही तिथेच विचारून यावं. त्यासाठी शाळेमार्फत अर्ज वेळेत जावा लागतो. दहावीचं म्हणाल तर सकाळचा तास चालू ठेवा, संध्याकाळचा परीक्षेपर्यंत बंद करा. सरांना हे मी सांगितलं म्हणून सांगा.